टँग नॅनो ९के वर पिकोआरव्ही३२: सिम्युलेशनमध्ये पळतंय, बोर्डवर पहिलाच प्रोग्रॅम गप्प

शिरोली_लॉगर

राम राम मंडळी. फाउंड्रीतल्या भट्ट्यांसाठी आठ चॅनेलचा टेम्परेचर लॉगर करायचा आहे. लॉगर नंतर, आधी सॉफ्ट प्रोसेसर (चिपमध्ये कोडने उभा केलेला प्रोसेसर) बोर्डवर उभा राहून एक ओळ पाठवतो का एवढंच बघायचं होतं, आणि गाडी तिथंच अडलीय.

बोर्ड टँग नॅनो ९के, म्हणजे गोविनचा जीडब्ल्यू१एनआर-९ एफपीजीए (आतलं सर्किट आपण ठरवायची चिप). क्लॉक बोर्डावरचाच २७ मेगाहर्ट्झ, पीएलएल (क्लॉकचा वेग बदलणारा ब्लॉक) वापरलेला नाही. कोअर पिकोआरव्ही३२ (रिस्क-फाइव्ह प्रोसेसरचं तयार डिझाईन), पॅरामीटर सगळे डिफॉल्ट. मेमरी ८ केबी, पत्ता ० पासून. बोर्डसाठी गोविनच्या आयपी जनरेटरमधून ३२ बिटांची बीएसरॅम (चिपच्या आतली मेमरी) घेतली आहे, सिम्युलेशनसाठी साधा रजिस्टर अ‍ॅरे आहे. एलईडी रजिस्टर हेक्स ०३०००००० ला, यूएआरटी (सिरियल पोर्टचा ब्लॉक) हेक्स ०२०००००० ला, यूएआरटी माझाच लिहिलेला. रिसेट एस१ बटणावर.

प्रोग्रॅम सी मध्ये: एलईडी लुकलुकवायचे, ११५२०० वर 'हॅलो' पाठवायचं, मग एक आकडा छापायचा. सिम्युलेशनमध्ये सगळं दिसतं, यूएआरटीच्या वेव्हफॉर्ममधली अक्षरंसुद्धा जुळतात. बोर्डवर टाकलं की सहाही एलईडी पेटून राहतात आणि टर्मिनल कोरा. सिंथेसिसला (कोडचं सर्किट होताना) एरर नाही, टायमिंग रिपोर्टमध्येही काही लाल नाही. एस१ दाबून सोडलं तरी फरक नाही.

सुरुवात कुठून करू?

गोकुळशिरगाव_९

आधी सोप्या गोष्टी निकालात काढ.

केबल चार्जिंगपुरती नाही ना? बिटस्ट्रीम (चिपमध्ये भरायची डिझाईनची फाइल) जातोय म्हटल्यावर डेटाच्या तारा आहेत, म्हणजे केबल सुटली. टर्मिनलचा पोर्ट बघ. या बोर्डाचे दोन सिरियल पोर्ट दिसतात. एक जेटॅगच्या (चिप प्रोग्रॅम करायच्या) कामाचा, दुसरा यूएआरटीचा. लिनक्सवर बहुतेक वेळा यूएसबी० नाही, यूएसबी१ लागतो. एफपीजीएकडून बाहेर जाणारी पिन १७, आत येणारी १८. उलटी लावलीस तर कुठलीही एरर येत नाही, फक्त शांतता मिळते. आणि ओपनएफपीजीएलोडरने टाकताना '-एफ' दिला नसशील तर डिझाईन फक्त एसरॅममध्ये (वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत) जातं. केबल काढून परत लावली की आधीचं फ्लॅशमधलं डिझाईन चालू होतं आणि तू भलत्याच डिझाईनवर डोकं आपटत बसतोस.

एक सल्ला, पटला तर घे: लॉगर हेच ध्येय असेल तर निओआरव्ही३२ हा दुसरा सॉफ्ट प्रोसेसर घे. बूटलोडर, यूएआरटी, टायमर सगळं तयार मिळतं, मेमरी स्वतः जोडायची भानगड नाही.

रंकाळा_आरटीएल

निओआरव्ही३२ चांगलाच आहे, पण अडलेली गोष्ट तिथं सुटत नाही, फक्त झाकली जाते. उद्या थर्मोकपलचा एसपीआय ब्लॉक प्रोसेसरच्या बसला (डेटाच्या सामायिक तारांना) जोडायचा तर हाच व्हॅलिड-रेडीचा (प्रोसेसरने मागायचं, समोरच्याने 'तयार' म्हणायचं) हिशोब परत समोर येणार. आत्ताच समजून घेतलेला बरा.

भावा, 'सहाही एलईडी पेटलेत' ही कामाची खूण आहे. या बोर्डावरचे एलईडी उलटे आहेत, पिनवर ० आला की पेटतात. तुझं रजिस्टर रिसेटला ० होतं. म्हणजे एफपीजीए कॉन्फिगर झालाय, पिना बरोबर आहेत, आणि प्रोसेसरकडून त्या रजिस्टरवर शून्याखेरीज काही पोचलेलं नाही.

आता सी प्रोग्रॅम पूर्ण बाजूला ठेव. प्रोसेसर गप्प बसायची तीन कारणं असतात, आणि ती वेगळी ओळखू आली पाहिजेत. त्यासाठी तीन एलईडी प्रोग्रॅमकडून काढून घे आणि थेट हार्डवेअरला जोड:

एलईडी ३ वर २५ बिटांच्या काउंटरचा वरचा बिट. २७ मेगाहर्ट्झला साधारण सव्वा सेकंदात एक उघडझाप होते. हा लुकलुकला की क्लॉकचा विषय संपला.

एलईडी ५ वर कोअरचा ट्रॅप सिग्नल (चूक भेटून कोअर थांबल्याची खूण), उलटा करून.

एलईडी ४ वर 'अडकला' दिवा: मेम-व्हॅलिड १ असून मेम-रेडी सलग २५६ क्लॉक ० राहिला तर एक फ्लिपफ्लॉप (एक बिट लक्षात ठेवणारा घटक) लॅच कर, म्हणजे तो पेटलेलाच राहील. तुझा यूएआरटी बिझी असताना रेडी रोखून धरत असेल तर मर्यादा ४०९६ ठेव, कारण ११५२०० वर एक अक्षर जायला २३४० क्लॉक लागतात आणि दिवा उगाच पेटेल.

ट्रॅप पेटला तर प्रोसेसरने समजण्यापलीकडची इन्स्ट्रक्शन वाचली, नाहीतर वाकड्या पत्त्यावर वर्ड वाचायला गेला. म्हणजे संशय मेमरीवर, हेक्स फाइलवर किंवा कंपायलरच्या '-मार्च' वर (कुठल्या प्रोसेसरसाठी कंपाइल करायचं ते सांगणारा पर्याय). अडकल्याचा दिवा पेटला तर तो अशा पत्त्यावर गेलाय जिथं कोणी रेडी देत नाही. नव्वद टक्के वेळा स्टॅक पॉइंटर भरलेला नसतो. पहिला पुश शून्यातून खाली, म्हणजे थेट पत्त्यांच्या वरच्या टोकाला जातो आणि तिथं उत्तर द्यायला कुणी नाही. पिकोआरव्ही३२ अशा वेळी कायमचा वाट बघत बसतो, ट्रॅप देत नाही. दोन्ही दिवे विझलेले आणि तरी शांतता असेल तर प्रोसेसर ठणठणीत आहे, गडबड यूएआरटीत, पिनांत किंवा 'व्होलाटाइल' विसरण्यात आहे.

मग मेमरीत फक्त हे चार शब्द टाक:

०३०००२बी७
००१००३१३
००६२ए०२३
००००००६एफ

पहिला एक्स५ मध्ये हेक्स ०३०००००० भरतो, दुसरा एक्स६ मध्ये १, तिसरा ते एलईडीच्या पत्त्यावर लिहितो, चौथा जागच्या जागी उडी मारत राहतो. स्टॅक नाही, कंपायलर नाही, लिंकर नाही. उरलेल्या तीन एलईडींपैकी एकच पेटला पाहिजे. दोन पेटून एक विझला तर लिखाण पोचतंय, फक्त उलटं करायचं राहिलंय. तिन्ही पेटलेलेच राहिले तर वरचे दिवे काय म्हणतात ते सांग.

हे चारही शब्द सिम्युलेशनमध्येसुद्धा चालव, आणि तिथं अ‍ॅरे नको, गोविनच्या आयपीचं सिम्युलेशन मॉडेल लाव. तुझ्या वर्णनात मला एकच गोष्ट खटकते: बोर्डची मेमरी वेगळी आणि सिम्युलेशनची वेगळी.

जाता जाता: एस१ दाबल्यावर ० होतं, त्यामुळे रिसेट-एनला थेट जोडलं तरी चालतं, पण कॉन्फिगरेशन झाल्याझाल्या निदान १६ क्लॉक रिसेट धरून ठेवणारा छोटा काउंटर घाल. बटणं आणि एलईडी १.८ व्होल्टच्या बँकेवर आहेत. पिन ३, ४ आणि १०, ११, १३ ते १६ ला एलव्हीसीमॉस१८ (पिनचा व्होल्टेज प्रकार) दे. क्लॉकच्या ५२ ला आणि यूएआरटीच्या १७, १८ ला एलव्हीसीमॉस३३.

राजारामपुरी_१२

रंकाळांनी सांगितलेलं आधी कर. त्यानंतर सी कडे वळशील तेव्हा उपयोगी पडेल म्हणून टूलचेनचं इथंच लिहून ठेवतो, कारण नव्वद टक्क्यांतून उरलेले दहा टक्के इथं अडकतात.

उबंटूच्या पॅकेजमधला रिस्क-फाइव्ह जीसीसी ६४ बिटांचा डिफॉल्ट धरतो, कॉम्प्रेस्ड (१६ बिटांच्या आखूड) इन्स्ट्रक्शनसकट. पिकोआरव्ही३२ मध्ये कॉम्प्रेस्ड डिफॉल्टने बंद असतं. म्हणून '-मार्च=आरव्ही३२आय -एमएबीआय=आयएलपी३२' कंपाइल करताना आणि लिंक करताना, दोन्हीकडे द्यायचं. सोबत '-नोस्टडलिब' आणि '-एफफ्रीस्टँडिंग'. हे शेवटचं नसेल तर 'स्टडइंट.एच सापडत नाही' अशी एरर येते. लोक मग न्यूलिब ही सी लायब्ररी शोधत बसतात, खरं तर त्या हेडरची कंपायलरकडची स्वतःची प्रत पुरते, फ्रीस्टँडिंग म्हटल्यावर तो तीच घेतो.

स्टार्टअप फाइलची पहिली इन्स्ट्रक्शन 'लुई एसपी, २' ठेव. ८ केबी म्हणजे हेक्स २०००, स्टॅक तिथून खाली वाढतो. याचा फायदा असा की हेक्स फाइलचा पहिला शब्द काय असावा हे तुला पाठ होतं: ००००२१३७. तिथं ३७२१०००० दिसलं तर बाइटचा क्रम उलटलाय. ३७, २१, ००, ०० असे एकेक बाइट सुटे दिसले तर ऑब्जकॉपीने (फाइलचं रूप बदलणाऱ्या टूलने) बाइटवार व्हेरिलॉग फाइल काढलीय आणि ३२ बिटांच्या अ‍ॅरेत प्रत्येक शब्दात एकच बाइट भरला जाणार. पिकोआरव्ही३२ सोबत येणारी मेकहेक्स ही पायथन फाइल वापर, शब्दसंख्या २०४८ दे. बायनरीची लांबी चारच्या पटीत नसेल तर ती थांबते, म्हणून लिंकर स्क्रिप्टच्या शेवटी चारचं अलाइनमेंट घाल.

तिसरंच काही दिसलं, तर बहुतेक पत्ता ० वर तुझा मेन बसलाय. ओ२ वर (ऑप्टिमायझेशन चालू असताना) जीसीसी मेनला '.टेक्स्ट.स्टार्टअप' या वेगळ्या सेक्शनमध्ये टाकतो, आणि लिंकर स्क्रिप्टमध्ये नुसतं '.टेक्स्ट' आणि पुढं फुली असेल तर कोण आधी येईल ते फाइलींच्या क्रमावर ठरतं. स्टार्टअपला स्वतःचा सेक्शन दे, स्क्रिप्टमध्ये तो 'कीप' लावून सगळ्यात वर ठेव. मग ऑब्जडंप '-डी' (मशीन कोडची वाचता येणारी यादी) काढून पहिल्या तीन ओळी डोळ्यांनी बघ. दर वेळी बघ.

शिरोली_लॉगर

सगळ्यांचे आभार. रंकाळांच्या क्रमाने गेलो.

एलईडी ३ लुकलुकतोय. एलईडी ५, म्हणजे ट्रॅप, लगेच पेटतोय. अडकल्याचा दिवा विझलेला. चार शब्दांचाच प्रोग्रॅम आहे, बाकी तीन एलईडी पेटलेलेच.

आयपीच्या इनिशियलायझेशन फाइलमध्ये चारही शब्द बरोबर क्रमाने आहेत, वर डेप्थ २०४८ आणि विड्थ ३२ लिहिलेली आहे. तरी पहिल्या चार इन्स्ट्रक्शनमध्ये ट्रॅप कसा?

रंकाळा_आरटीएल

छान, आता शोध अगदी अरुंद झाला. गोविनच्या टूलमधला अ‍ॅनालायझर ऑसिलोस्कोप, म्हणजे जीएओ, लाव. सिग्नल: मेम-व्हॅलिड, मेम-रेडी, मेम-अ‍ॅड्रेसचे खालचे १६ बिट, मेम-आरडेटाचे सगळे ३२, आणि ट्रॅप. सॅम्पल क्लॉक तोच २७ मेगाहर्ट्झ. ट्रिगर मेम-व्हॅलिड चढताना. डेप्थ २५६ भरपूर झाली. एस१ दाबून धर, जीएओ सुरू कर, मग बटण सोड. पहिले चार-पाच क्लॉक इथं टाक.

कागल_पीएलसी

मध्येच एक, विषय थोडा बाजूचा. लॉगरला मॅक्स६६७५ लावायचा विचार असेल तर तो १०२४ अंशांपुढं वाचत नाही आणि के टाइपलाच चालतो. वितळलेल्या बिडाचा रस १३०० च्या वर असतो. भट्टीच्या भिंतीला आणि हवेला के टाइप ठीक, रसात बुडवायच्या टिपला एस किंवा बी टाइप लागतो आणि त्याचा सिग्नल फार बारीक, त्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घे. आणि इंडक्शन फर्नेस चालू असताना त्याच्याच पॅनेलमधून लॅपटॉपला वीज घेऊन यूएसबीवर डिबगिंग करू नका. लिंक मधूनच तुटते आणि दोष डिझाईनला लागतो. टेस्टिंगपुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

जीएओ जमत नसेल तर राजारामपुरीत आठ चॅनेलचा लॉजिक अ‍ॅनालायझर पडून आहे, मेसेज करा, घेऊन जा.

शिरोली_लॉगर

कागलवाले दादा, टिपचं लक्षात ठेवतो. अ‍ॅनालायझर आत्ता नको, जीएओ चाललं. हे घ्या:

क्लॉक १: व्हॅलिड १, रेडी ०, पत्ता ००००, डेटा ००००००००
क्लॉक २: व्हॅलिड १, रेडी १, पत्ता ००००, डेटा ००००००००
क्लॉक ३: व्हॅलिड ०, रेडी ०, पत्ता ००००, डेटा ०३०००२बी७

त्यानंतर थोड्याच क्लॉकनी ट्रॅप १. डेटा येतोय, पण रेडी होऊन गेल्यावर!

रंकाळा_आरटीएल

हेच ते. तुझा रेडी व्हॅलिडनंतर एका क्लॉकने येतो, डेटा दोन क्लॉकने. आयपी जनरेटर उघड आणि रीड मोड बघ, तिथं 'पाइपलाइन' असणार. बीएसरॅमचा पत्ता क्लॉकवरच पकडला जातो, त्याला एक क्लॉक जातोच. 'बायपास' मोडमध्ये डेटा तिथून थेट बाहेर येतो. पाइपलाइनमध्ये बाहेर आणखी एक रजिस्टर असतं, म्हणून दुसरा क्लॉक. तुझा सिम्युलेशनचा अ‍ॅरे एका क्लॉकचा आहे, त्याला हे रजिस्टर माहीतच नाही. तो खोटं बोलत नव्हता, दुसऱ्याच मेमरीबद्दल बोलत होता.

रेडी वर आला त्या क्षणी प्रोसेसरने जे दिसलं ते उचललं: सगळी शून्यं. आरव्ही३२आय मध्ये ती बेकायदा इन्स्ट्रक्शन, म्हणून पहिल्याच घासाला ट्रॅप. आउटपुट रजिस्टरला तुझा रिसेट जोडलेला दिसतो, म्हणून बटण कितीदा दाबलं तरी तेच दिसतं. तो जोडला नसता तर दुसऱ्या वेळी जुना शब्द हाताशी मिळून प्रोसेसर एखादं पाऊल पुढं गेला असता, आणि 'कधी चालतं, कधी नाही' या नावाखाली शोध आठवडाभर भरकटला असता.

उपाय दोन. बायपास निवड, झालं. किंवा पाइपलाइन ठेवून रेडी आणखी एक क्लॉक उशिरा दे. २७ मेगाहर्ट्झला पाइपलाइनची काडीचीही गरज नाही. पिकोआरव्ही३२ आधीच एका इन्स्ट्रक्शनला सरासरी चारेक क्लॉक खातो, त्यात प्रत्येक वाचनाला आणखी एक कशाला.

मी मात्र तिसरा रस्ता घेईन: आयपी काढूनच टाक. व्हेरिलॉगमध्ये अ‍ॅरे लिही, वाचन ऑलवेज ब्लॉकमध्ये क्लॉकच्या कडेवर कर, रीडमेमएचने भर. गोविनचं सिंथेसिस त्यातून बीएसरॅम ओळखतं. तीच फाइल सिम्युलेशनला, तीच बोर्डला. 'असाइन' लिहून क्लॉकशिवाय वाचलंस तर बीएसरॅम होणार नाही, सगळा डोलारा लट (एफपीजीएमधले छोटे लॉजिक घटक) आणि फ्लिपफ्लॉपमध्ये बांधायला जाईल. ६५५३६ बिट या चिपच्या ६४८० फ्लिपफ्लॉपमध्ये मावत नाहीत. रिसोर्स रिपोर्टमध्ये बीएसरॅम ४ दिसले पाहिजेत, एकूण २६ पैकी. शून्य दिसले तर एकतर हे झालंय, नाहीतर हेक्स फाइलच सापडलेली नाही आणि रिकामी मेमरी म्हणून टूलने ती उडवून लावलीय. फाइल सापडली नाही तर बऱ्याचदा नुसती वॉर्निंग येते, तुझ्या त्या वॉर्निंगच्या ढिगात कुठंतरी. पूर्ण पाथ दे.

रेडी लिहिताना 'व्हॅलिड आहे आणि रेडी आत्ता ० आहे' अशी अट ठेव, म्हणजे तो एकाच क्लॉकचा ठोका होतो. आणि यूएआरटीला लिहायची एनेबल फक्त व्हॅलिडवर बांधू नकोस, रेडीच्या ठोक्याशी जोड. व्हॅलिड दोन क्लॉक वर असतो. मागं फिफो (अक्षरांची रांग) असेल तर प्रत्येक अक्षर दोनदा जातं.

शिरोली_लॉगर

नाद खुळा! आयपी काढला, अ‍ॅरे लिहिला, बीएसरॅम ४ दिसतात, चार शब्दांवर एकच एलईडी पेटला. राजारामपुरींच्या पद्धतीने सी ची हेक्स फाइल काढली, पहिला शब्द ००००२१३७ जसाच्या तसा. टर्मिनलवर 'हॅलो' आलं.

पण पुढं आकडा छापायला गेला की ट्रॅपचा दिवा पेटतो. आकडा १३५० आहे, फंक्शन नेहमीचंच: दहाने भागायचं, बाकी बफरमध्ये मागून पुढं ठेवत जायची. '-मार्च' मध्ये 'आरव्ही३२आयएम' दिलंय, भागाकारासाठी एम (गुणाकार-भागाकाराच्या इन्स्ट्रक्शन) लागतो म्हणून.

राजारामपुरी_१२

एम कंपायलरला दिलास, कोअरला दिला नाहीस. पिकोआरव्ही३२ मध्ये इनेबल-मुल आणि इनेबल-डिव्ह दोन्ही डिफॉल्टने ०. कंपायलरने भागाकाराची इन्स्ट्रक्शन घातली, कोअरला ती माहीत नाही, ट्रॅप.

'आरव्ही३२आय' कर आणि लिंकच्या ओळीत अगदी शेवटी '-एलजीसीसी' लाव. भागाकार मग लायब्ररीतल्या फंक्शनने होतो. शेवटी म्हणजे खरंच शेवटी, ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी लावलंस तर 'यूडिव्हएसआय३ सापडत नाही' म्हणून लिंकर भांडतो. ३२ बिटांची लायब्ररी कंपायलरसोबत आहे का ते '-प्रिंट-मल्टी-लिब' ने दिसतं. लॉगर सेकंदाला आठ आकडे छापणार असेल तर सॉफ्टवेअर भागाकार सहज पुरतो, लट वाचव.

रंकाळा_आरटीएल

ते झालं की १३५० ऐवजी ११११ छापलं जाण्याची दाट शक्यता आहे. अ‍ॅरे लिहिताना मेम-डब्ल्यूएसटीआरबीचे (शब्दातले कुठले बाइट लिहायचे ते सांगणाऱ्या स्ट्रोबचे) चारही बिट वेगळे वापरलेस, की 'कुठलाही एक असेल तर पूर्ण शब्द लिही' असं केलंस?

पिकोआरव्ही३२ एक बाइट लिहिताना तोच बाइट चारही जागांवर ठेवतो आणि कुठला खरा ते स्ट्रोबने सांगतो. स्ट्रोब न बघता अख्खा शब्द लिहिला तर मागून ० लिहिल्यावर बफर ००००, मग ५ लिहिल्यावर ५५५५, मग ३३३३, शेवटी ११११. 'हॅलो' मध्ये हे दिसत नाही, कारण ते अक्षर फक्त वाचलं जातं, मेमरीत लिहिलं जात नाही. म्हणूनच पहिली चाचणी पास झाली म्हणून मेमरी पास झाली असं धरायचं नाही.

आठ बिटांचे चार अ‍ॅरे कर, प्रत्येकी २०४८ खोल, प्रत्येकाला स्ट्रोबचा आपापला बिट. एकेक अ‍ॅरे बरोबर एका बीएसरॅममध्ये बसतो, म्हणजे खर्च पूर्वीइतकाच, ४. हेक्स फाइल मात्र चार लागतील: ऑब्जकॉपीला इनपुट आणि आउटपुट दोन्ही बायनरी सांगून '--इंटरलीव्ह=४' आणि '--बाइट' ० ते ३ असं चार वेळा चालव, मग प्रत्येकाची एका ओळीत एक बाइट अशी हेक्स काढ. ० क्रमांकाचा अ‍ॅरे डेटाच्या खालच्या आठ बिटांना. इथं क्रम उलटला तर पहिला शब्द परत ३७२१०००० दिसेल, जीएओवर लगेच कळतं.

शिरोली_लॉगर

बरोब्बर ११११ आलं होतं. चार अ‍ॅरे केल्यावर १३५० आला, ओळीमागून ओळ नीट येतेय.

शेवटचं एकच. ओळीला क्रमांक द्यायला एक ग्लोबल व्हेरिएबल आहे, सुरुवात १ पासून. बिटस्ट्रीम टाकल्यावर पहिल्यांदा १ पासून सुरू होतं. एस१ दाबलं की मागच्या क्रमांकाच्या पुढून सुरू होतं. मेमरी रिसेट होत नाही का?

रंकाळा_आरटीएल

नाही होत. बीएसरॅममध्ये सुरुवातीच्या किमती कॉन्फिगरेशनच्या वेळी भरल्या जातात, रिसेट बटणाचा त्यांच्याशी संबंध नाही. तुझं रिसेट फक्त प्रोसेसरला ० वर आणतं, '.डेटा' मध्ये (सुरुवातीची किंमत दिलेल्या व्हेरिएबलच्या जागेत) मागं जे उरलं तेच राहतं. '.बीएसएस' (शून्यापासून सुरू होणाऱ्या व्हेरिएबलची जागा) चीही तीच गत, स्टार्टअपमध्ये पुसत नसशील तर शून्य मानलेलं व्हेरिएबल शून्य नसेल.

लिंकर स्क्रिप्टमध्ये मेमरीचे दोन भाग कर: ० पासून ६ केबी कोड आणि स्थिर डेटा, हेक्स १८०० पासून वरचे २ केबी चालू डेटा आणि स्टॅक. '.डेटा' चा राहायचा पत्ता वरच्या भागात, पण मूळ प्रत 'एटी' लावून खालच्या भागात. स्टार्टअपमध्ये स्टॅक पॉइंटर भरल्यावर ती प्रत वर कॉपी करायची, मग '.बीएसएस' शून्य करायचा, मग मेनला जायचं. कॉपी चार-चार बाइटची कर आणि दोन्ही टोकं चारला अलाइन ठेव, नाहीतर मिसअलाइन्ड म्हणून परत ट्रॅप.

आणि हे केलंस की एक गोष्ट फुकटात मिळते. हेक्स १८०० च्या खाली आलेलं लिखाण मेमरीला देऊच नकोस, रेडी दे आणि एलईडी ४ चा लॅच पेटव. स्टॅक ते २ केबी ओलांडून खाली घसरला तर तो तुझाच कोड खोडायला लागतो, आणि खोडलेला कोड रिसेटने परत येत नाही, बिटस्ट्रीमच परत टाकावा लागतो. बंदी घातलीस तर कोड शाबूत राहतो आणि दिवा सांगतो की स्टॅक कमी पडलाय.

राजारामपुरी_१२

त्यात भर: '-एफस्टॅक-युसेज' देऊन कंपाइल केलंस की प्रत्येक फंक्शन किती स्टॅक घेतं त्याची '.एसयू' फाइल मिळते. आठ चॅनेलचे बफर फंक्शनच्या आत जाहीर करू नकोस, ग्लोबल ठेव. मग लिंकर स्वतःच सांगेल मावतात की नाही.